वाचकांचे प्रश्न : स्प्रिंट, हर्डल्स आणि पुढची वाट

स्प्रिंट (कमी अंतराची वेगवान धाव) आणि हर्डल्स (अडथळ्यांची शर्यत) यांबद्दलचे प्रश्न आम्ही मागच्या अंकात मागवले होते. मुंबई, ठाणे, वसई, डोंबिवली अशा सगळीकडून पत्रं आली. लिहिणारे वेगवेगळे, पण बऱ्याच पत्रांत एकच घाई दिसली: उंच हर्डल लवकर यावी, स्पर्धा जास्त व्हाव्यात, दुखापतीतून झटपट उठता यावं. या घाईनेच चांगली मुलं विशीच्या आत ट्रॅक सोडतात. म्हणून उत्तरांत जिथे 'थांबा' म्हणायला हवं तिथे आम्ही ते स्पष्ट म्हटलं आहे.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. शाळेत १०० मीटरला नेहमी पहिली येते. पी.टी.चे सर म्हणतात, उंची चांगली आहे, तिला हर्डल्सला घाला. पडून लागेल याची भीती वाटते. शिवाय तिचा स्पीड मागे पडेल का? – एक आई, डोंबिवली

सरांनी योग्य वेळी सुचवलं आहे. तेरा-चौदा हे हर्डल्सची ओळख करून घ्यायचं चांगलं वय आहे. स्पीड मागे पडत नाही. उलट गुडघा वर ठेवून, शरीर ताठ ठेवून धावायची सवय लागते आणि ती १०० मीटरलाही उपयोगी पडते.

आता पडण्याबद्दल. स्पर्धेची हर्डल वरच्या पट्टीला साधारण ३.६ ते ४ किलोचा जोर लागला की पुढे कलंडते, तशीच ती बनवलेली असते. तिचे पाय धावणाऱ्याच्या बाजूला यायला हवेत, तरच ती कलंडेल. मुलं सराव संपवून परत येताना मस्तीत उलट्या बाजूने उड्या मारतात. त्या बाजूने हर्डल पडत नाही, मूल पडतं. ही सवय पहिल्याच दिवशी बंद करायची. दुसरं म्हणजे, उंची बदलली की पायांवरची वजनंही त्या उंचीच्या खुणेपर्यंत सरकवावी लागतात. ते राहिलं तर हर्डल एक तर वाऱ्यानेही पडते, नाही तर जागची हलत नाही.

सुरुवात उंचीपासून करायची नाही. जमिनीवर चार काठ्या टाका आणि काठ्यांमध्ये तीन पावलं टाकत तिला धावू द्या. शेजारच्या तीन लेनमध्ये अंतर वेगवेगळं ठेवा: ६.५ मीटर, ७ मीटर आणि ७.५ मीटर. पाऊल न ताणता आणि न आखडता ज्या लेनमध्ये ती सहज धावते, ते तिचं आजचं अंतर. ते अंतर कायम ठेवून काठीच्या जागी ३० सेंमी, मग ४५, मग ६० सेंमी अशी उंची वाढवा. उंची वाढवल्यावर तीन पावलांची लय मोडली तर लगेच पुन्हा खाली या. शर्यतीत तिच्या वयोगटाला किती उंची आणि किती अंतर असतं हे आयोजकांच्या परिपत्रकातूनच बघा. शालेय स्पर्धा आणि संघटनेच्या स्पर्धा यांचे वयोगट वेगळे असतात.

आठवड्याला तीन दिवस ट्रॅक पुरे. त्यांतल्या दोन दिवशी वॉर्म-अपनंतर लगेच, पाय ताजे असताना, वीस-पंचवीस मिनिटं हर्डल्स. थकल्यावर शेवटी हर्डल्स नकोत. थकलेलं मूल पाय ओढत जातं आणि तीच सवय लागते. या वयात उंची झपाट्याने वाढत असेल आणि गुडघ्याच्या वाटीखालचं हाड किंवा टाच दुखत असेल, तर दुखणं कमी होईपर्यंत उड्या आणि स्टार्ट कमी करा. पळायला सुरुवात केल्यावरही दुखतच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

एक गोष्ट मात्र सरांशी जरूर बोला. हिवाळ्यात शाळांच्या स्पर्धा सुरू झाल्या की जिंकणाऱ्या मुलीला १००, २००, लांब उडी, हर्डल्स, रिले सगळ्यांत उतरवतात. हीट (प्राथमिक फेऱ्या) धरून एका दिवसात सात-आठ वेळा पूर्ण ताकदीने पळणं होतं. दोन वैयक्तिक प्रकार आणि एक रिले, त्याहून जास्त नाव देऊ नका.

मी सतरा वर्षांची आहे, १०० मीटर हर्डल्स करते. पहिल्या चार हर्डलपर्यंत मध्ये तीन पावलं बसतात. पाचवीपासून ताणून जावं लागतं, सातवीला पाचच पावलं होतात. फिटनेस कमी पडतो का? – कांदिवली

फिटनेस नंतर बघू. तुझ्या पत्रात चुकीची जागा स्वतःच सांगितलेली आहे: तू प्रत्येक हर्डलवर थोडा थोडा वेग घालवतेस आणि चार हर्डलनंतर तो हिशेब उघडा पडतो.

आकडे समोर ठेव. तुमच्या शर्यतीत स्टार्टपासून पहिली हर्डल १३ मीटरवर, दोन हर्डलमध्ये ८.५० मीटर आणि शेवटच्या हर्डलनंतर १०.५० मीटर. १८ वर्षांखालच्या मुलींना उंची ७६.२ सेंमी, त्यानंतर ८३.८. चांगली हर्डलर हर्डलच्या साधारण २ मीटर आधी टेक-ऑफ घेते, म्हणजे जमीन सोडते, आणि १ मीटर पुढे उतरते. म्हणजे तीन पावलांना उरतात साडेपाच मीटरच्या आसपास. ही तीन पावलं सारखी नसतात. उतरल्यावरचं पहिलं सगळ्यांत लहान, दुसरं सगळ्यांत मोठं, तिसरं पुन्हा किंचित आखूड, म्हणजे टेक-ऑफला पाय शरीराच्या खाली येतो. तिसरं पाऊल ताणलंस की पाय शरीराच्या पुढे पडतो, ब्रेक लागतो आणि तू हर्डलवर उडी मारतेस. उंच उडी मारली की हवेत वेळ जातो, उतरताना वजन टाचेवर येतं आणि पुढचं पहिलं पाऊल आणखी लहान होतं. मग पुढच्या हर्डलला पुन्हा ताणावं लागतं. हे चक्र असंच फिरत राहतं.

हे डोळ्यांनी बघायला दोन गोष्टी पुरतात, रांगोळी आणि मोबाइल. तिसऱ्या हर्डलच्या आधी २ मीटरवर आणि पुढे १ मीटरवर रांगोळीची आडवी रेघ मार. (सिंथेटिक, म्हणजे रबरी ट्रॅकवर खडू, रांगोळी नको.) मैत्रिणीला बाजूने, हर्डलच्या रेषेत, स्लो-मोशनवर शूट करायला सांग. टेक-ऑफ रेघेच्या आत, म्हणजे दीड मीटरवर वगैरे पडत असेल तर दोष तिथे आहे. टेक-ऑफ बरोबर आणि उतरणं १.३ मीटरच्या पुढे असेल तर लीड लेग (हर्डलवरून आधी जाणारा पाय) उशिरा खाली येतो आहे. दोन्ही ठीक आहेत पण पहिलं पाऊल बाजूला पडतं असं दिसलं, तर ट्रेल लेग (मागून येणारा पाय) बघ. गुडघा काखेखालून पुढे यायला हवा, तो बाहेरून फिरून आडवा खाली पडत असणार.

आता वेळ मोज. प्रत्येक हर्डलनंतर पाय जमिनीला टेकला ती वेळ व्हिडिओवरून काढ. १५ सेकंदांच्या शर्यतीचा साधारण नकाशा असा: पहिली हर्डल २.८, त्यानंतर प्रत्येक हर्डलला सुमारे १.२, शेवटची धाव १.३. १६ सेकंदांना पहिली २.९ आणि पुढे प्रत्येकी १.३. तुझा पहिला आकडा चांगला आणि चौथ्या-पाचव्यापासून १.३, १.३५, १.४५ असा वाढत असेल तर वर सांगितलेलं चक्र. पहिल्यापासूनच सगळे आकडे मोठे असतील तर कच्चा स्पीडच कमी आहे. तेव्हा हर्डल्स कमी करून ३० आणि ६० मीटर वाढव. आणखी एक ताळा: तुझी १०० मीटर हर्डल्सची वेळ आणि साधी १०० मीटरची वेळ यांतला फरक काढ. पक्क्या हर्डलरचा तो दीड सेकंदाच्या आसपास येतो. तुझा तीनच्या पुढे असेल तर तंत्रावर काम कर, दोनच्या आत असेल तर स्पीडवर.

उपाय म्हणून पुढचे तीन आठवडे सरावात अंतर ८ मीटर ठेव, उंची तीच. घाबरू नकोस, ही पळवाट नाही. शर्यतीत वेग जास्त असल्यामुळे पावलांची गती सरावापेक्षा जलद लागते आणि कमी अंतरावरच ती गती पायांत बसते. पाच हर्डल, चार फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर चार-पाच मिनिटं पूर्ण विश्रांती. आठवड्यातून दोन वेळा. मग ८.२०, मग ८.३५. आठ-दहा हर्डलची पूर्ण धाव आठवड्यातून एकदाच, तीही दोनदाच पळायची.

तोपर्यंत एखादी स्पर्धा आली आणि सहावीनंतर तीन पावलं बसणार नाहीत हे माहीत असेल, तर पाच पावलांची चुळबुळ करण्यापेक्षा चार टाक. त्यासाठी दुसरा पायही लीड करता यायला हवा. ते आजच शिकायला लाग, पुढे ४०० हर्डल्सला गेलीस तरी कामाला येईल.

स्टार्टला पाय रोवायच्या ब्लॉकचंही एक तपासून घे. पहिल्या हर्डलपर्यंत आठ पावलं घेत असशील तर पुढच्या ब्लॉकमधला पाय टेक-ऑफचा असतो आणि मागच्या ब्लॉकमधला लीड. पुष्कळ मुली १०० मीटरच्या सवयीने ब्लॉक लावतात, मग पहिल्याच हर्डलला पाय बदलण्यासाठी अडखळतात.

आमच्याकडे मैदान मातीचं आहे, हर्डल्स नाहीत. पाइपच्या बनवता येतील का? आणि सिंथेटिक ट्रॅकवर जायलाच हवं का? – एक क्रीडाशिक्षक, दादर

येतील. एक इंची पी.व्ही.सी. पाइप, टी आणि एल्बो (पाइप जोडायचे तुकडे). आडवी पट्टी १.२० मीटर, दोन उभे पाय हव्या त्या उंचीचे, खाली प्रत्येक बाजूला ७० सेंमीचा आडवा पाय. उभा पाइप खालच्या पायाच्या टोकाशी लावा, मधोमध नको. धावणारा येतो त्या बाजूला पूर्ण लांबी राहिली पाहिजे. खालचे जोड सोल्युशनने चिकटवा. वरची पट्टी मात्र कधीही चिकटवू नका. उभ्या पाइपच्या टोकांवर अर्ध्या कापलेल्या टीच्या खोबणीत ती नुसती ठेवा. पाय लागला की पट्टी उडाली पाहिजे. लोकांची चूक इथेच होते, सगळं घट्ट बसवतात आणि पहिल्याच आठवड्यात कुणाची तरी नडगी सोलवटते. खालच्या पाइपमध्ये थोडी वाळू भरून टोक बंद केलं की वाऱ्याने हलत नाही. अशी हर्डल ६० सेंमीपर्यंत चांगली चालते. त्याहून जास्त उंचीला खऱ्या हर्डलच वापरा.

मातीवर स्टार्ट, तीस मीटरपर्यंतचे स्प्रिंट, ड्रिल आणि कमी उंचीच्या हर्डल्स सगळं होतं. मुलांना आणण्याआधी मैदान चालून बघा, दगड आणि क्रिकेटच्या पिचचे उंचवटे शोधा. पूर्ण उंची आणि पूर्ण अंतरासाठी मात्र पंधरवड्यातून एकदा तरी सिंथेटिकवर न्या. कांदिवलीचं साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्र, नेपियन सी रोडचं प्रियदर्शिनी पार्क, मरिन लाइन्सचं विद्यापीठाचं मैदान, जवळ पडेल तिथे वेळ आणि परवानगी आधी विचारून घ्या. सिंथेटिकवर पाऊल जास्त उसळतं, त्यामुळे मातीवर बसलेलं अंतर तिथे एकदम आखूड वाटतं. स्पर्धेच्या दिवशी हे पहिल्यांदा कळू नये.

चौपाटीवर स्प्रिंट करायला नेऊ नका. भुसभुशीत वाळूत पोटरीवर आणि टाचेच्या शिरेवर ताण येतो. पाण्याजवळची घट्ट वाळू उतरती असते, त्यामुळे एकाच पायावर भार पडतो.

मुलाचं शाळेच्या मैदानावर १०० मीटर १०.९ झालं. राज्य स्पर्धेत ११.५ आलं. दडपणामुळे झालं असेल का? – परळ

दडपण थोडंफार असेल, पण बराचसा फरक घड्याळाचा आहे. हातघड्याळाच्या वेळेत १०० आणि २०० मीटरसाठी ०.२४ सेकंद मिळवूनच ती इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडायची, हा जुना रिवाज आहे. म्हणजे १०.९ चे झाले ११.१४. शिवाय वेळ घेणारा अंतिम रेषेवर उभा असतो आणि शिट्टीचा आवाज ऐकून घड्याळ सुरू करतो. आवाजाला १०० मीटर यायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात आणि तेवढा वेळ मुलाला फुकट मिळतो. पिस्तुलाचा धूर किंवा हाताचा इशारा बघून घड्याळ सुरू करायचं असतं. हे दोन्ही धरले तर तुमचा मुलगा राज्य स्पर्धेत नेहमीसारखाच पळाला. शाळेचे १०० मीटर टेपने मोजले होते की पावलांनी, तेही विचारा.

वेळेचं मोल किती काटेकोर असतं त्याचं उदाहरण भारताची हर्डलर ज्योती याराजीचं. एप्रिल २०२२ मध्ये कोळिकोडच्या फेडरेशन चषकात तिने १०० मीटर हर्डल्स १३.०९ मध्ये पूर्ण केली. तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम अनुराधा बिस्वालचा १३.३८ होता, २००२ पासूनचा. पण पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २.१ मीटर निघाला. मर्यादा २.० ची, त्यामुळे विक्रम धरला गेला नाही. पुढच्याच महिन्यात सायप्रसमध्ये १३.२३ पळून तिने तो नियमात बसणाऱ्या वाऱ्यात मोडला आणि नंतर १२.७८ पर्यंत नेला. वेळ लिहून ठेवताना तारीख, मैदान, घड्याळ हातचं की इलेक्ट्रॉनिक, वारा किती, हे सगळं वहीत लिहायची सवय मुलाला आताच लावा.

वीस वर्षांचा आहे, २०० मीटर पळतो. तीन महिन्यांत उजवी हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) एकाच जागी दोनदा गेली. जिममध्ये लेग कर्ल नियमित करतो. सरावाला वसईहून मरिन लाइन्सला येतो. – वसई

दुसऱ्यांदा गेली याचा अर्थ पहिल्या वेळी लवकर पळायला लागलास. दुखणं थांबणं आणि स्नायू तयार होणं यांत बरंच अंतर असतं.

पूर्ण वेगात पाय पुढे झेपावतो आणि जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी हॅमस्ट्रिंग ताणलेल्या अवस्थेत ब्रेक लावते. बहुधा फाटते ती तिथेच. झोपून केलेल्या लेग कर्लमध्ये स्नायू आखडतो, ताणाखाली जोर धरायला शिकत नाही. तुला नॉर्डिक नावाचा व्यायाम हवा. गुडघ्यांवर बस, जोडीदाराला घोटे धरू दे आणि सरळ शरीराने शक्य तितकं सावकाश पुढे झुक. सुरुवातीला आठवड्यातून एकदाच, पाच-पाचच्या दोन फेऱ्या. दुसऱ्या दिवशी भयंकर अंग दुखतं, म्हणून स्पर्धेच्या आठवड्यात पहिल्यांदा सुरू करू नकोस. हळूहळू आठ-आठच्या तीन फेऱ्यांपर्यंत जा. सोबत गुडघा किंचित वाकवून केलेली रोमानियन डेडलिफ्ट (कमरेतून पुढे झुकून वजन उचलणं).

परत धावायचं ते दिवस मोजून नाही, परीक्षा पास होऊन. पहिली: पाठीवर झोपून सरळ पाय वर उचलताना दोन्ही बाजू सारख्या आणि न दुखता. दुसरी: टाच स्टुलावर ठेवून एका पायावर ब्रिज (पाठीवर झोपून कंबर वर उचलणं), दोन्ही बाजूंना सारखे वीस. तिसरी: ४० ते ६० मीटर, आधी चालत्या सुरुवातीने, ६० टक्के वेगात, मग ७०, ८०, ९०. प्रत्येक पायरीवर दोन सराव वेदनेशिवाय झाल्याशिवाय पुढची पायरी नाही. दोन सरावांत एक दिवस मध्ये सोड. ९५ टक्क्यांवर दोनदा न दुखता पळालास की मगच शर्यतीत नाव दे. वळण सगळ्यांत शेवटी.

नुकत्याच गेलेल्या स्नायूवर पहिले दोन-तीन दिवस जोरात मालिश करून घेऊ नकोस, आतला रक्तस्राव वाढतो. 'टक' असा आवाज आला असेल, मांडी काळीनिळी पडली असेल किंवा दुखणं बसायच्या हाडाजवळ असेल तर घरगुती उपाय बंद आणि थेट स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांकडे.

लोकलचाही भाग आहेच. तासापेक्षा जास्त एकाच जागी दाबून उभं राहिल्यावर कंबर आणि मांड्या आखडतात. अशा दिवशी वॉर्म-अप नेहमीपेक्षा पंधरा मिनिटं लांबव: दहा मिनिटं हलकं जॉगिंग, पाय झुलवणं, ड्रिल, मग वाढत्या वेगाच्या चार-पाच धावा. गाडी लेट झाली म्हणून वॉर्म-अप कापायचा नाही, मुख्य सराव कापायचा.

१९ वर्षांची आहे. ४०० मीटर ५९ सेकंद, पण १०० हर्डल्समध्ये मागे राहते. ४०० हर्डल्सकडे जाऊ का? – ठाणे

जा. तुझी ताकद तिथेच आहे. दहा हर्डल, उंची ७६.२ सेंमीच, पहिली ४५ मीटरवर, मध्ये ३५ मीटर, शेवटी ४०. इथे खरा शत्रू म्हणजे थकवा आल्यावर आखूड होणारं पाऊल. सुरुवातीला दोन हर्डलमध्ये १७ पावलं बसव. सहावी-सातवीनंतर ती बसणार नाहीत, तेव्हा १८ वर जाऊन लीड पाय बदलावा लागेल. म्हणून दोन्ही पाय तयार हवेत. वळणावर डावा पाय लीड असणं सोयीचं. उजवा लीड असेल तर मागून येणारा डावा पाय हर्डलच्या आतल्या बाजूने, पट्टीच्या खालून जाण्याचा धोका असतो, आणि पंच त्यावर शर्यतीतून बाद करतात. नुसती हर्डल पाडल्याबद्दल, मुद्दाम पाडली नसेल तर, बाद करत नाहीत.

सराव पहिल्या २०० मीटरचा कर. ब्लॉकमधून पाच हर्डल, तीन फेऱ्या, मध्ये आठ मिनिटं. पहिल्या हर्डलपर्यंतची पावलं प्रत्येक वेळी मोज, २३ किंवा २४ जे असेल ते दर वेळी तेवढंच यायला हवं. साध्या ४०० पेक्षा साडेचार-पाच सेकंद जास्त लागले तर पहिल्या वर्षाला ते छान आहे. पी. टी. उषा यांचं लॉस एंजेलिस १९८४ ऑलिंपिकमधलं ४०० हर्डल्सचं कांस्यपदक ०.०१ सेकंदाने हुकलं, त्यांची वेळ ५५.४२ होती. हर्डलपुढे एकदा अडखळून पाऊल आखडणं म्हणजे त्याच्या कितीतरी पट वेळ.

खोकल्याचं औषध घेतल्याने डोपिंगमध्ये अडकतात असं ऐकलं. खरं आहे का? – बोरिवली

खरं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच कफ सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं, ते स्पर्धेतच नव्हे, बाराही महिने बंदी असलेलं आहे. साल्ब्युटामॉल आणि लेव्होसाल्ब्युटामॉल असलेली सिरपं आणि गोळ्याही बंदीत येतात. दम्यासाठी साल्ब्युटामॉलचा पंप चालतो, पण २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कोणत्याही ८ तासांत ६०० च्या आतच. बाटलीच्या पुढच्या बाजूला फक्त ब्रँडचं नाव असतं, घटक मागे बारीक अक्षरांत. ते वाचा आणि 'नाडा'च्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) 'नो युवर मेडिसिन' अ‍ॅपमध्ये तपासा. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मी स्पर्धेत उतरणारा खेळाडू आहे. औषध खरंच गरजेचं असेल तर उपचारासाठीची सूट मागता येते, पण आधी, नमुना दिल्यावर नव्हे.

अशक्तपणा आला म्हणून सलाइन लावून घेण्याची आपल्याकडे फार सवय आहे. १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त सलाइन हीदेखील बंदी असलेली पद्धत आहे, रुग्णालयातील उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणी सोडून. आणि जिममधल्या कुणी दिलेली बिनलेबलची पावडर, इंजेक्शन काहीही असो, नाही म्हणा. शरीरात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते.

मुलगा राज्य पातळीवर ११० हर्डल्समध्ये पदक मिळवतो. बारावीला आहे. यात नोकरी मिळते का, की अभ्यासाकडे वळवू? – एक वडील, घाटकोपर

दोन्ही एकत्र चालवा, हेच आमचं ठाम मत आहे. स्प्रिंटर आणि हर्डलरची उत्तम वर्षं साधारण तेवीस ते अठ्ठावीस. बारावीत कुणाचं भविष्य ठरत नाही. २० वर्षांखाली हर्डल ९९.१ सेंमी असते, त्यानंतर १०६.७. ही उडी अनेकांना दोन हंगाम मागे नेते. त्या काळात वेळ सुधारली नाही म्हणून घरच्यांनी धीर सोडला तर मुलगा तिथेच थांबतो. मुंबईचा सिद्धांत थिंगलाया याने २०१७ मध्ये १३.४८ चा राष्ट्रीय विक्रम केला, तो २०२४ मध्ये आपल्याच महाराष्ट्राच्या तेजस शिरसेने फिनलंडमध्ये १३.४१ पळून मोडला. या प्रकारात आपल्या राज्याची चांगली परंपरा आहे.

नोकऱ्यांचं म्हणाल तर महाराष्ट्र शासनाच्या सेवेत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पद जितकं वरचं तितकी स्पर्धेची पातळी वरची लागते. रेल्वेच्या क्रीडा कोट्यात वय १८ ते २५ लागतं. पश्चिम रेल्वेचं मुख्यालय चर्चगेटला, मध्य रेल्वेचं सीएसएमटीला, त्यांच्या जाहिराती नियमित बघा. पोलिस, सैन्यदल, प्राप्तिकर, सीमाशुल्क यांच्याही भरती असतात.

मुलं अडतात ती कागदावर. शासकीय आरक्षणासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयातून करून घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो. जाहिरात निघण्याची वाट बघू नका. प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र, परिपत्रक, अधिकृत निकालपत्रक आणि संघनिवडीचं पत्र त्याच आठवड्यात फाइलला लावा. प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरन् अक्षर जुळते का बघा. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे वेगळे जिल्हे आहेत. कोणत्या जिल्ह्यातून खेळतो ते दरवर्षी बदलू नका. आणि वय कमी दाखवण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याच्यापासून मुलाला लांब ठेवा. हाडांच्या वयाची तपासणी होते आणि पकडल्यावर सगळी पदकं जातात.

पहिले स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) कोणते घ्यावेत? – भांडुप

स्प्रिंटचे, पण फार कडक तळव्याचे नकोत. सिंथेटिकवर खिळा जास्तीत जास्त ९ मिमी चालतो, बऱ्याच ट्रॅकवर त्याहून लहान मागतात. ६ मिमीचा एक संच आणि पाना पिशवीत ठेवा. मोजे न घालता किंवा अगदी पातळ मोज्यात बोटं टेकतील न टेकतील इतका घट्ट बसायला हवा. वाढत्या वयाचं मूल म्हणून एक नंबर मोठा घेऊ नका, वळणावर पाय आत सरकतो. पहिले दोन आठवडे सरावाची शेवटची दहा मिनिटंच घाला, नाही तर पोटऱ्या आणि नडग्या धरतात. नडगीवर एका बोटाएवढ्याच जागी दाबून दुखत असेल आणि एका पायावर उडी मारताना कळ येत असेल तर पळणं लगेच थांबवा. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते आणि ती पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत अनेकदा दिसत नाही.

पावसाळ्यात चार महिने काय करायचं? – चेंबूर

ताकदीचा काळ म्हणून वापरा. आठवड्यातून तीन दिवस वजनं, दोन दिवस इमारतीच्या पार्किंगमध्ये किंवा शाळेच्या आच्छादित पॅसेजमध्ये १० ते २० मीटरच्या धावा आणि हर्डलचे चालते ड्रिल. काँक्रीटवर उड्या नकोत, ड्रिल जाड रबरी मॅटवर करा. सोसायटीचा जिना चढायला वापरा, धावत उतरायला नाही. पाऊस उघडलेल्या दिवशी सिंथेटिक ट्रॅक मिळाला तर स्प्रिंट बिनधास्त करा, पण हर्डलची ओली पट्टी आधी पुसा आणि उंची एक घर खाली ठेवा. ऑक्टोबरमध्ये मैदानावर परतल्यावर उकाडा अंगावर येतो. पहिले दहा-बारा दिवस सराव सकाळी आठच्या आत संपवा आणि धावांची संख्या निम्म्यावर ठेवा.